इंग्रजीविना नऊ दिवस

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी ९.१५

स्वस्ति श्री. सिंगापूरद्वीपस्थ, तोआ पायोह-नगरीतील चतुर्दश मजल्याचे वायव्यकोनाधिपती, जुरोंग आयलंडवरील यच्चयावत् ज्वलनशील वायूंचे नियंते, प्रक्रिया-सुरक्षा-विभागाचे उपप्रमुख (प्रमुखपद केवळ तांत्रिक कारणास्तव प्रलंबित), अग्निशामक कवायतीतील सलग तीन वर्षांचे उत्कृष्ट शिट्टीवादक, तथा 'नित्य मराठी व्यवहार अभियाना'चे संस्थापक, अध्यक्ष, चिटणीस आणि तूर्त एकमेव सभासद श्रीमान शिरीष पद्माकर ताम्हनकर यांची ही रोजनिशी आज विधिपूर्वक आरंभ पावत आहे. वाचक अपेक्षित नाही. भावी चरित्रकाराने माझी परवानगी गृहीत धरावी.

हेतू. काल दुपारी वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, सांगलीहून फोन. वय ८१, एस.टी.चे निवृत्त डेपो-मॅनेजर. आई गेल्यापासून दीड वर्ष एकटे. १५ मार्चला चार आठवड्यांसाठी येण्यास शेवटी राजी झाले. कायमचे या म्हटले, तर म्हणाले, "ते तिथं आल्यावर बघू. तुम्ही दोघं दिवसभर कामावर. पोरीचं इंग्रजी मला कळत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. नुसतं भिंतीकडे बघायचं तर सांगलीत मला चार भिंती आहेत."

कन्येच्या हाती फोन दिला. ती म्हणाली, "हाय आजोबा, येस, ओके ला, बाय." एकूण सहा शब्द ('ला' हे इथल्या इंग्रजीचे शेपूट). पैकी मराठी एक, तोही संबोधन.

संकल्प : सहा आठवड्यांत हे घर मराठी करीन.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सायंकाळी ७.३०

कंपनीच्या बसमध्ये शेजारी नेहमीप्रमाणे रेनातो, झडपांचा तज्ज्ञ. हा रोज सकाळी भावाशी फोनवर इटालियनमध्ये भांडतो, असा माझा दोन वर्षे समज. आज कळले की ती भाषा इटालियन नव्हेच. फ्रिउलियन. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, आल्प्सच्या पायथ्याशी बोलतात. बोलणारे त्याच्या मते सहा लाख. खोदून विचारल्यावर तो आकडा कमी करू लागला. आमच्याकडे एवढी माणसे एका लग्नाच्या पंगतीवर नाराज असतात.

विचारले, प्रसारकार्य कसे चालते? म्हणाला, त्याच्या मावसबहिणीच्या बेकरीच्या दारावर एक स्टिकर आहे : इथे आम्ही फ्रिउलियन बोलतो. लोक आत जातात, पाव घेतात, हवामानाला शिव्या देतात. झाले.

नियमावली नाही. उद्दिष्टपत्रिका नाही. बसमध्ये चढताना-उतरताना हा 'मांदी' म्हणतो. नमस्कार आणि निरोप दोन्हींना तोच शब्द. आमचे ड्रायव्हर सलीम अंकल मान वर न करता 'मांदी' असे उत्तरही देतात. एवढ्या पुढे गेलेल्या चळवळीला साधी कार्यकारिणी नसावी, याचे वाईट वाटले.

स्टिकरची कल्पना मात्र घेतली.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी १०.००

उद्घाटनसभा. उपस्थित : पत्नी सविता (बँकेत अनुपालन-अधिकारी, इतरांनी नियम पाळले का, हे पाहणे हा व्यवसाय), कन्या क्षिप्रा (वय १५), अध्यक्ष. तिघांपैकी एक जण स्वेच्छेने.

पद्धती रेनातोची नव्हे, प्लांटची. ज्या पद्धतीने आम्ही अकरा वर्षे एकही स्फोट होऊ दिला नाही, तिच्यापुढे दहावीतल्या मुलीचे इंग्रजी किती टिकणार? रोज पहाटे ६.२० वाजता स्वयंपाकघरात उभ्याने पाच मिनिटांची सुरक्षासभा, मराठीत. तोंडून निसटलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाची अपघात-नोंदवहीत नोंद. गंभीर घटना घडल्यास मूळ-कारण-विश्लेषण. इंग्रजी बोलणे अटळच असेल तर आगाऊ लेखी परवाना, माझ्या सहीने. आणि फ्रिजवर फलक, आमच्या प्लांटच्या फाटकावर 'अपघाताविना दिवस' असा असतो तसा : 'इंग्रजीविना अखंड दिवस : ०००'. तीन आकड्यांची सोय दूरदृष्टीने ठेवली.

सविता म्हणाली, "शिरीष, हे घर आहे. इथे काही फुटत नाही."
क्षिप्रा म्हणाली, "बाबा, सीरियसली?"
नोंद क्र. १.

दारावर 'येथे मराठी बोलली जाते' हा स्टिकर लावला. शेजारच्या गोह आंटी चिनी नव्या वर्षाची दोन संत्री घेऊन आल्या होत्या. स्टिकर पार्सलवाल्यासाठी आहे का, असे विचारून गेल्या. गेल्या वर्षीपासून त्या माझ्याशी बेताने बोलतात. त्यांची वेताची खुर्ची कॉरिडॉरमध्ये असे. आग लागल्यास ती मार्गात येईल अशी मी नगर-परिषदेकडे लेखी तक्रार केली, खुर्ची त्यांच्या दाराआड गेली. संध्याकाळी त्या तिथे बसून लसूण सोलत. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ७.०५, बस-थांबा

पहिली सुरक्षासभा. वीस मिनिटांत एकसष्ट नोंदी. सविताच्या एकटीच्या तेवीस, पैकी नऊ केवळ 'कुकर'. पर्याय दिला : बाष्पपाचक. ती म्हणाली, "बाष्पपाचकाच्या तीन शिट्ट्या झाल्या की तूच बंद कर." सहकार्याची ही पहिली खूण.

माझ्या नोंदी चार. त्या समजावून सांगण्याच्या ओघात झालेल्या असल्यामुळे वगळल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सायंकाळी ८.००

क्षिप्राचा अर्ज. अक्षरशः उतरवून ठेवतो :
'परवाना क्र. १. कामाचे सरूप : बोलणे. कालावधी : परमनंट. संभाव्य धोका : बाबा. धोका टाळण्याचे उपाय : इअरफोन, किंवा आईकडे जाणे.'

सर्व रकाने नियमानुसार भरलेले. नाकारण्यास आधार सापडेना. 'स्वरूप'मधला व गळाला आहे तो लाल शाईने दाखवला, 'परमनंट'ची नोंद घेतली, अक्षर सुधारण्याविषयी शेरा दिला आणि अर्ज परत केला. तिने तो घडी करून डस्टबिनमध्ये (शब्द मागे, केरपात्रात) टाकला.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १२.४०, कँटीन

रेनातोला नोंदवही दाखवली. चारशे बारा नोंदी, वर्गवारीसह, आलेख रंगीत. त्याने सर्व पाने उलटली. मग त्याने विचारले की तुझ्या मुलीला या भाषेत तुला काही सांगायचे असते का?
मी म्हणालो, विषय-निवड दुसऱ्या टप्प्यात आहे.
तो म्हणाला, आमच्याकडे आजी कोंबड्यांवर ओरडायची, ती याच भाषेत. म्हणून मला येते.
कोंबड्यांची नोंद कोण ठेवत असे, हे त्याला सांगता आले नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी. सायंकाळी ६.३०

पुलाउ उबीन या बेटावर अभियानाचे निसर्ग-शिबिर. आम्ही तिघे, रेनातो (निरीक्षक म्हणून) आणि अंकुर. अंकुर विद्यापीठात खारफुटीवर संशोधन करतो, कोल्हापूरचा, मराठीविषयी उत्साही; रविवारी आमच्याकडे जेवतो, त्यामुळे विशेष उत्साही.

बमबोट, म्हणजे तिकडे नेणारी लाकडी होडी, बारा प्रवासी भरल्याशिवाय सुटत नाही. आम्ही पाच. उरलेल्या सातांची वाट पाहताना मी धक्क्यावरच 'वनस्पतींची मूळ नामे' या विषयावर प्रास्ताविक केले. सात जण आले ते जरा लांब बसले.

बेटावर भाड्याच्या सायकली. मी आघाडीला, मागे वळून झाडांची नावे सांगत. जुन्या दगडखाणीच्या उतारावर क्षिप्रा मला मागे टाकून सुसाट गेली आणि ओरडली, "बाबा, ब्रेक! ब्रेक लागत नाहीये!" वाक्य निर्दोष, एक शब्द सोडून. मी वरून खणखणीत आवाजात पर्याय सुचवला : "गतिरोध-यंत्र!" दुसऱ्यांदा सुचवेपर्यंत ती चिखलात होती.

रेनातो सायकल टाकून धावला. धावताना त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. गुडघा फुटलेला, केसांत चिखल, आणि क्षिप्रा हसत होती. त्याचा अर्थ काय, असे विचारू लागली. तो म्हणाला, तुझे वडील जवळ आहेत. परतीच्या बमबोटीत तो शब्द तिला, अंकुरला आणि सविताला पाठ झाला होता. सविता तो दोनदा माझ्याकडे पाहून म्हणाली.

माझी शब्दसूची दोनशे चाळीसची आहे. दोन आठवड्यांत रुजलेले शब्द : शून्य. मुलांवर परकीय भाषांचा प्रभाव चिंताजनक.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सायंकाळी ७.४५

उबीन-घटनेचे मूळ-कारण-विश्लेषण पूर्ण केले. निष्कर्ष : 'गतिरोध-यंत्र' या संज्ञेची घरात अपुरी रुजवण. प्रत क्षिप्राच्या टेबलावर (मेजावर) ठेवली. तिने वाचली. परत करताना म्हणाली, "तू आधी गुडघा कसा आहे ते विचारलं नाहीस."
वाक्य संपूर्ण मराठी. नोंद करण्यासारखे काही नव्हते.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ७.००

आज फलक हलला! ००० चे ००१. काल दिवसभर घरात एकही इंग्रजी शब्द माझ्या कानी पडला नाही.

सोमवार, १० मार्च. सायंकाळी ८.१०

००५. सुरक्षासभा शांततेत पार पडतात. माझे भाषण होते, दोघी ऐकतात, क्षिप्रा दप्तर घेते, सविता लिफ्टकडे (उद्वाहकाकडे) जाते. नोंदवहीत कोरी पाने. रेनातोला सांगितले. त्याने विचारले, मग बोलतात काय? मी म्हणालो, हा फलक गुणवत्तेचा आहे, संख्येचा नव्हे.

शुक्रवार, १४ मार्च. सायंकाळी ७.००

००९! इंग्रजीविना नऊ दिवस. प्लांटमध्ये अशा वेळी केक कापतात. श्रीखंड आणले. सविताला बँकेत उशीर, क्षिप्रा मैत्रिणीकडे. अध्यक्षांनी एकट्यानेच साजरे केले. अर्धा किलो.

उद्या अण्णा. घर सज्ज आहे.

रविवार, १६ मार्च. सकाळी ११.००

काल विमानतळावर अण्णांचे स्वागत लेखी मानपत्राने केले. त्यांनी ते व्हीलचेअरवाल्याच्या हाती दिले आणि विचारले, "संडास कुठाय?"

रात्रीच्या जेवणाला पूर्ण शांतता. क्षिप्रा आमटीत बघत होती. अण्णा क्षिप्राकडे बघत होते. मी अधूनमधून फलकाकडे बघत होतो : ०१०. पानावरून उठताना अण्णा सविताला म्हणाले, "भांडण झालंय का तुमचं?"

मंगळवार, १८ मार्च. सकाळी ६.५०

अण्णांनी बाजी घालवली. सकाळी चहा पिताना : "शिऱ्या, फॅन जरा स्लो कर, आणि तो एसीचा रिमोट कुठं ठेवलाय?" एका वाक्यात चार. फलक पुन्हा ०००. नियम सर्वांना सारखा, म्हणून नोंदवही उघडली. जन्मदात्याच्या नावे नवा रकाना पट्टीने आखला.

अण्णांनी वही मागून घेतली. चष्मा लावून बराच वेळ वाचली. डेपोत चाळीस वर्षे त्यांनी अशाच वह्या वाचल्या. मग म्हणाले, "नोंदी चोख आहेत. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं रे. या वयात." वही मिटून माझ्याकडे दिली. क्षिप्रा सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिची पाठ हलत होती. हसत होती की काय, कळले नाही.

घटनेच्या एकूण नोंदी पाच; पाचवी 'सिंक', हा शब्द नंतर मीच बोललो.

गुरुवार, २० मार्च. सायंकाळी ७.१५

बस लवकर आली. शाळेला सुट्टी, त्यामुळे घरी दोघेच. दार उघडण्याआधी आतून आवाज. कॉरिडॉरकडची काचपट्ट्यांची खिडकी किलकिली होती.

अण्णा एस.टी.ची हकिकत सांगत होते. मुक्कामाच्या गाडीत कोणीतरी टपावर बकरा बांधलेला, आणि तो सुटला. "मग कंडक्टर जो बोंबलला!" क्षिप्राने विचारले, "बोंबलला म्हणजे कसा?" अण्णांनी बोंबलून दाखवला. मग तीही बोंबलली. गोह आंटींनी घाबरून दार उघडले. आतून अण्णा ओरडले, "काही नाही हो, बकरा!" आंटी मान डोलावून आत गेल्या.

क्षिप्रा म्हणत होती, "आजोबा, तुम्ही लबाड आहात ला. पॅसेंजर लोक तुम्हाला स्कोल्ड नाही केलं?" अण्णा म्हणाले, "केलं की. मी पण केलं स्कोल्ड." हा शब्द त्यांना चार दिवसांपूर्वी ठाऊक नव्हता. मराठीच्या घरात राहून माझे वडील इंग्रजी शिकत आहेत.

मी किल्ली लावली. क्षिप्रा म्हणाली, "हाय बाबा," आणि खोलीत गेली. अण्णांनी टीव्ही लावला.

शुक्रवार, २१ मार्च. सायंकाळी ८.००

अण्णांनी मला गॅलरीत, म्हणजे खिडकीतल्या, कपडे वाळत घालायच्या बांबूंपाशी, बोलावून घेतले. म्हणाले, "तू आलास की पोरगी मिटते. तू वाईट नाहीस. पण कामावरून आलास की अर्धा तास खाली एक चक्कर मारून ये. आमची गोष्ट अर्धी राहते."
मी विचारले, किती दिवस?
म्हणाले, "गोष्टी खूप आहेत रे."

अभियानाने दुसऱ्या टप्प्यात प्रवेश केला असे मी समजतो. अध्यक्ष थेट सहभागाऐवजी बाह्य पर्यवेक्षणाची भूमिका घेतील.

रविवार, ३० मार्च. दुपारी १.००

पाडवा. मला कडुलिंबासाठी लिटल इंडियाला पाठवले. परत येईतो गुढी उभी होती, कपडे वाळत घालायच्या बांबूलाच. चौदाव्या मजल्यावरून तांब्या निसटल्यास खालच्याच्या डोक्याचे काय होईल, याचे गणित मी दारातच सांगू लागलो; पाहतो तो तांब्या तारेने तीन ठिकाणी आवळलेला. क्षिप्रा म्हणाली, "बाबा, आम्ही चेक केलं." मी ओढून पाहिला. हलला नाही.

गोह आंटी प्रसादाला आल्या. इकडे लोक भेटल्यावर 'जेवलात का' असेच विचारतात, हे अण्णांना त्यांच्याकडून कळल्यापासून दोघांचे मेतकूट जमले आहे. आंटी दारातून विचारतात, "अण्णा, जेवला?" अण्णा म्हणतात, "जेवलो. तू?" आंटींना मराठीतला हाच एक प्रश्न येतो; तो त्या दिवसातून पाच वेळा वापरतात. मला त्यांनी विचारला नाही.

नोंदवही दोन दिवस सापडत नव्हती. गुढीचा पाट डगमगू नये म्हणून खाली घातली आहे.

बुधवार, २ एप्रिल. दुपारी १२.३५, कँटीन

अण्णांनी तिकीट पुढे ढकलायला सांगितले. क्षिप्रानेच व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला, मुदतवाढीचे कारण विचारले होते तिथे काय लिहू, असे तिने त्यांना विचारले, तर म्हणाले, "लिही, बोलणं संपलं नाही."

रेनातोला सांगितले की अभियान यशस्वी झाले. त्याने हात मिळवला, विचारले, नेमके कशाने झाले असेल? मी म्हणालो, पायाभरणी. तो 'मांदी' म्हणून उठला. मीही 'मांदी' म्हणालो. सवयीने.

शुक्रवार, ४ एप्रिल. सायंकाळी ६.२५, कॉरिडॉर

खाली चक्कर मारण्याऐवजी इथेच थांबतो. खिडकी किलकिली असते. आज कराडच्या अलीकडे, घाटाआधी, गाडी बंद पडली आहे. पावसात बासष्ट माणसे, आणि ड्रायव्हर रुसून उसात जाऊन बसला आहे. क्षिप्रा विचारते आहे, "मग तुम्ही त्याला काय बोलून आणलात?" तिच्या बोलण्यात पहिल्या दहा मिनिटांत अकरा चुका मोजल्या. पुढे मोजायचे राहून गेले.

तक्रार अशी. रोज अर्धा तास उभे राहावे लागते. कॉरिडॉरमध्ये खुर्ची ठेवण्यास मनाई आहे. कोणाच्या अर्जामुळे, ते नगर-परिषदेच्या दफ्तरी आहेच. एका घडीच्या स्टुलाची विशेष परवानगी मागणारे पत्र, नकाशा आणि मोजमापे जोडून, मी मंगळवारी पाठवले. उत्तर नाही. गोह आंटींना त्यांच्या दाराआडच्या त्या वेताच्या खुर्चीविषयी विचारावे असे आले मनात. पण त्या मला पाहून फक्त मान हलवतात. आज चपलांच्या रॅकवर बसून पाहिले. मधली फळी मोडली. आवाज झाला, पण आत कोणाला ऐकू गेला नाही. ही फळी सुटी मिळते की अख्खे रॅकच घ्यावे लागते, हे सविताला ठाऊक असेल. ती अजून बँकेतून आलेली नाही. आणि आत जाऊन विचारावे, तर ड्रायव्हर अजून उसातच आहे.